काळ्या ट्रंकेतले गुरुजी



गेले काही भाग आपण लढायांवर बोललो. नकाशे झाले, तारखा झाल्या, कुठल्या सेनापतीचे कुठे चुकले याचा हिशेब झाला. आज लढाई नाही. आज एका शाळामास्तराबद्दल बोलायचे आहे. बत्तीस वर्षे गणवेशात काढलेल्या माणसाला पुस्तकांचे वेड कुठून लागले, असे मला पुष्कळदा विचारले जाते. त्याचे उत्तर मी आजवर अर्धेच देत आलो. आज पुरे देतो.

फौजेत बदली झाली की सामान काळ्या लोखंडी ट्रंकांत भरायचे. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, हुद्दा. बढती झाली की जुन्या हुद्द्यावर काळा हात मारायचा आणि नवा लिहायचा. माझ्या अशा अकरा ट्रंका झाल्या. त्यांतल्या चार पुस्तकांच्या. त्या उचलताना जवान एकमेकांकडे बघायचे, आणि बायको तर उघडच बोलायची. निवृत्तीनंतर सिकंदराबादला घर केले तेव्हा त्या चारही उपसल्या. सगळ्यांत जुन्या ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, कव्हर आणि पुढची चार पाने गेलेले एक पातळसे पुस्तक निघाले. 'मनूबाबा'. लेखक साने गुरुजी.

हे पुस्तक आमच्या घरी आले ते एस.टी.च्या कृपेने. माझे लहानपण धुळ्याचे. वडील कंडक्टर, धुळे–अमळनेर गाडीवर. घरात छापील वस्तू म्हणजे पंचांग, ज्ञानेश्वरी आणि माझी शाळेची पुस्तके. एकदा कोणी तरी गाडीत हे पुस्तक विसरले. नियमाप्रमाणे ते डेपोत जमा झाले. बरेच दिवस कोणी न्यायला आले नाही. शेवटी तिथल्या बाबूंनी "घेऊन जा पोराला" म्हणून ते वडिलांच्या हातात दिले. मी तेव्हा चौथीत होतो.

गोष्ट साधी आहे. एक विणकर. चोरीचा खोटा आळ येऊन तो गाव सोडतो, परक्या गावात एकटा राहतो, माणसांपासून तुटतो आणि रात्री आपली साठवलेली मोहरांची थैली मोजत बसतो. एके दिवशी ते सोने चोरीला जाते. पुढे एका रात्री त्याच्या उघड्या दारातून एक लहानगी मुलगी रांगत आत येते. तिची आई बाहेर मरून पडलेली असते. तो ती मुलगी वाढवतो. एवढेच. मी ते पुस्तक आठवड्यात तीनदा वाचले. वीज गेली तर चिमणीच्या उजेडात वाचले. त्याच महिन्यात गावातल्या वाचनालयाच्या पायऱ्या मी पहिल्यांदा चढलो, कारण 'गोड गोष्टी' या मालेत आणखी पुस्तके आहेत असे मला कळले होते. 'फुलाचा प्रयोग', 'दुःखी', 'सोराब नि रुस्तुम', 'बेबी सरोजा', 'करुणादेवी'. एकेक करून सगळी वाचली. संपली तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "आता दुसऱ्या कपाटाकडे वळ." माझ्या वाचनाचा इतिहास त्या एका वाक्यात आला. दुसऱ्या कपाटाकडे वळायला लावील असे पहिले कपाट मला मिळाले होते.

आता थोडे मागे जाऊ. हा माणूस मुलांसाठी लिहायला लागला कसा?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घर एकेकाळचे खोतांचे, पण वडिलांच्या वेळी कर्जात बुडालेले. आई १९१७ मध्ये गेली. दापोली, औंध, पुणे असे करत, कुणाकुणाच्या आधाराने शिकत त्यांनी पदवी घेतली. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहून ते एम.ए. झाले, आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. छात्रालयही त्यांच्याकडे आले.

गुरुजींच्या चरित्रात तुरुंग, उपोषण, सत्याग्रह यांना भरपूर जागा मिळते, छात्रालयाला कमी. मला मात्र सगळे मूळ तिथे दिसते. छात्रालय म्हणजे काय? खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून तुटलेली मुले. संध्याकाळ झाली की कावरीबावरी होणारी. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून शुश्रूषा करायचे. आणि रोज एक हस्तलिखित काढायचे, 'छात्रालय दैनिक'. शाळेची नोकरी करून, मुलांचे करून, रोजच्या रोज हाताने लिहिलेला मजकूर. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले.

मी फौजेत तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्याचे कामही केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, रोज तीच पोरे समोर असतील तर लिहिणाऱ्याला ढोंग करता येत नाही. कंटाळवाणे झाले तर दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसते. गुरुजींचे वाक्य छोटे आहे, सोपे आहे, थेट तुमच्याशी बोलते. ते त्या छात्रालयात घडले असावे, असे माझे मत आहे. त्यांची पुस्तके कागदावर येण्याआधी कुणाला तरी सांगून झालेली वाटतात. म्हणून नववाचकाला ती अडत नाहीत.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह आला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि त्यांना पहिली शिक्षा झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग तिथून थेट त्रिचनापल्ली, म्हणजे आजचे तिरुचिरापल्ली. त्रिचीची गोष्ट मी जरा राखून ठेवतो. तिच्याकडे मी फार उशिरा आणि भलत्याच वाटेने पोहोचलो.

दुसरा तुरुंगवास १९३२ चा, पुन्हा धुळ्याला. तिथे विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, गीतेचे अठरा अध्याय. विनोबा बोलत आणि गुरुजी लिहून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्याकडे आहे ते त्या लेखणीमुळे. आमच्याच गावच्या तुरुंगात हे घडले. त्या भिंतीवरून मी शाळेत जाता-येता शेकडो वेळा गेलो, पण शाळेत असताना हे मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

आणि मग नाशिकचा तुरुंग. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३. दिवसा तुरुंगाचे काम, आणि उरलेल्या वेळात लिहिणे. सोमवार, १३ तारखेच्या पहाटे 'श्यामची आई' हातावेगळे झाले. मधल्या पाच दिवसांत पुस्तकाचा बहुतेक भाग उतरला होता. १९३५ मध्ये ते छापून आले. पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री. छात्रालयातली ती संध्याकाळच इथे पुन्हा आली, फक्त सांगणारा आता कोठडीत होता आणि मुले समोर नव्हती. या बांधणीचा लहान वाचकावर काय परिणाम होतो ते मला स्वतःवरून ठाऊक आहे. एक रात्र संपली की आपोआप थांबावेसे वाटते, आणि उद्याची वाट बघावीशी वाटते. रोज थोडे वाचायची सवय मला या रात्रींनी लावली. पुढे सीमेवर ती फार उपयोगी पडली.

आता एक कबुली. १९८१ मध्ये डेहराडूनला अकादमीतून बाहेर पडलो, त्याच्या आधीच गुरुजी माझ्या ट्रंकेच्या तळाशी गेले होते. तिथले सोबती वाचायचे ते युद्धकथा, हेरकथा. माझ्या पलंगावर 'श्यामची आई' बघून दुसऱ्या एका मराठी सोबत्यानेच मोठ्याने हसत विचारले, "अरे, हे रडके पुस्तक घेऊन तू पलटणीत जाणार?" मी म्हणालो, "आईने दिलंय, म्हणून ठेवलंय." खोटे होते ते. आईने दिलेले नव्हते, मी स्वतःच्या पैशांनी घेतले होते. एकविसाव्या वर्षी माणूस अशा गोष्टींना फार घाबरतो.

'रडके' हा गुरुजींवरचा जुनाच शिक्का आहे, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. त्यांचे काही लिखाण आज मलाही पुढे वाचवत नाही. उपदेश फार होतो, विशेषणे फार होतात, डोळे फार लवकर भरतात. पण शिक्का मारणाऱ्यांनी 'श्यामची आई' नीट वाचलेली नसते. पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला त्याची आई शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून. पुढे तिच्याच डोळ्यांत पाणी येते, ते आधी मारून झाल्यावर. फौजेत मी अनेक चांगले उस्ताद पाहिले, त्यांची रीत याहून वेगळी नव्हती. याच पुस्तकात, डोक्यावरची मोळी पडलेल्या एका म्हाताऱ्या दलित बाईला हात द्यायला ती श्यामला पाठवते. चौदा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले आणि मंदिर खुले झाले. त्या मोळीपासून पंढरपूरच्या दारापर्यंत सरळ रस्ता आहे. अशा माणसाला रडका म्हणणारे आम्ही कोण?

पण हे शहाणपण मला नंतर सुचले. तेव्हा पुस्तक तळाशी होते.

ते वर यायला कारण झाले एका जुन्या छावणीतले मेसचे वाचनालय. इंग्रजांच्या काळातले कपाट, चामडी बांधणी, वाळवीने खाल्लेले कोपरे. मी सेकंड लेफ्टनंट. पावसाळ्यात संध्याकाळी करायला काही नसे. एक पुस्तक काढले, जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेचे 'सायलस मार्नर', १८६१ सालचे. इंग्रजी सुधारावे एवढाच हेतू. वीसेक पाने झाली आणि मी उठून उभाच राहिलो. विणकर. खोटा आळ. परके गाव. सोन्याची थैली. अरे, हा तर मनूबाबा! माझ्या प्रतीची पुढची पाने गेलेली, त्यामुळे ही गोष्ट कुठून आली ते मला कधी कळलेच नव्हते. कुणी गावचा माणूस अचानक परदेशात भेटावा, तसे झाले. त्या रात्री मी जेवायलाही उशिरा गेलो, आणि मेसमध्ये उशीर म्हणजे काय ते फौजेतल्या लोकांना सांगायला नको.

मग धागा सापडला. 'फुलाचा प्रयोग' म्हणजे अलेक्झांडर द्यूमाची काळ्या ट्युलिपची कादंबरी. 'दुःखी' म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल'. 'सोराब नि रुस्तुम' म्हणजे मूळचा फिर्दौसीच्या शाहनाम्यातला बापलेकांचा झगडा. धुळ्याच्या एका कंडक्टरच्या पोराला चौथी-पाचवीत इंग्लंड, हॉलंड, फ्रान्स आणि इराण फिरवून आणले होते, आणि त्याला पत्ताही लागू दिला नव्हता. नावे आपली, गावे आपली, भाकरी आपली. फक्त माणसे जगातली. आज रूपांतराला लोक कमी लेखतात, मूळच वाचा म्हणतात. मूळ मी वाचले, पण तिथवर जायला मला पायऱ्या कोणी दिल्या होत्या? ह्यूगोची बाराशे पाने मी पुढे दोन हिवाळ्यांत संपवली, ती केवळ 'दुःखी'मधला तो कैदी मला आधीपासून ओळखीचा होता म्हणून.

'मनूबाबा' ट्रंकेतून वर आला आणि नंतर प्रत्येक पोस्टिंगमध्ये टेबलावर राहिला.

आता त्रिचीकडे येतो. माझी पलटण मद्रास रेजिमेंटची. भारतीय सैन्यातल्या जुन्या रेजिमेंटांपैकी ही एक, केंद्र निलगिरीत वेलिंग्टनला. आमचे ब्रीदवाक्य गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले, ते बघताना मला धुळ्याच्या तुरुंगातले ते रविवार आठवत. रेजिमेंटमध्ये तमिळ, मलयाळी, तेलुगू, कानडी, सगळे जवान. अधिकाऱ्याने जवानांची भाषा शिकलीच पाहिजे, हा जुना दंडक. आमचे कमांडिंग ऑफिसर म्हणाले, "जो माणूस तुमच्या शब्दावर मरायला जाईल, त्याला तुम्ही दुभाष्यामार्फत पाठवणार का?" मग शिकलो तमिळ. मराठी माणसाला एक फायदा असतो, 'ळ' आपल्याकडे आहे. उत्तरेकडचे सोबती तिथेच अडखळायचे. पण 'तमिळ' या शब्दाच्या शेवटी जो खरा उच्चार आहे तो 'ळ' नव्हे, आणि तो मला पहिली दोन वर्षे काही जमला नाही. जवान तोंड फिरवून हसायचे.

माझ्या कंपनीचे सुभेदार साहेब मदुराईकडचे. शाळा आठवीपर्यंत, पण तिरुक्कुरळ तोंडपाठ. १३३ प्रकरणे, प्रत्येकात दहा, एकूण १३३० द्विपदी. सैन्य कसे असावे यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, विद्येवर आहे, मैत्रीवर आहे. एखादा जवान चुकला की सुभेदार साहेब त्याला शिवी द्यायच्या ऐवजी एक कुरळ ऐकवायचे. शिवी परवडली, असे जवान म्हणत. मी त्यांना म्हटले, याचा अर्थ मला मराठीत मिळाला तर बरे होईल. सुट्टीवर गेलो तेव्हा पुण्यात अप्पा बळवंत चौकात विचारत हिंडलो. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मालकाने ढिगातून एक प्रत काढून दिली. कुरल, मराठी भाषांतर, साने गुरुजी.

मी तिथे फुटपाथवर उभा राहून ते पुस्तक चाळत होतो. गुरुजी आणि तमिळ? मग हळूहळू वाचत गेलो तेव्हा उलगडले. १९३० मध्ये त्रिचीच्या तुरुंगात त्यांच्याभोवती दक्षिणेतले सत्याग्रही होते. एकाच लढ्यातली माणसे, एकाच भिंतीच्या आत, आणि एकमेकांशी बोलायला परक्या सरकारची भाषा. या गोष्टीची त्यांना लाज वाटली. ते तिथे तमिळ शिकायला लागले. आपण एकमेकांच्या भाषा शिकल्या पाहिजेत हा विचार त्यांच्या डोक्यात पक्का झाला तो त्या तुरुंगात. पुढे १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी त्याला नाव देऊन मांडणी केली, 'आंतरभारती'. प्रत्येक प्रांतातल्या मुलामुलींनी एकत्र राहून एकमेकांच्या भाषा, गाणी, गोष्टी शिकाव्यात अशी एक जागा त्यांना हवी होती. त्यासाठी ते पैसे गोळा करत फिरले.

ती जागा त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली नाही. ११ जून १९५० ला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. त्यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. मी त्यात भर घालणार नाही. सैन्यात माझ्या हाताखालचा एक माणूस असा गेला, तेव्हापासून अशा मृत्यूचा खुलासा करणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. गुरुजींच्या मागे त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आंतरभारती'चे काम पुढे चालवले, आणि १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक आजही चालू आहे.

तुम्ही हे ऐकणारे-वाचणारे कोणी बडोद्याला आहात, कोणी इंदूरला, कोणी बेळगाव, रायपूर, चेन्नईला. महाराष्ट्राबाहेर राहणारा मराठी माणूस आंतरभारती काय असते ते रोज दुधवाल्याशी बोलताना शिकत असतो. म्हणून हे जरा लांबवले.

आता ती अर्धी राहिलेली गोष्ट.

१९८९ चा जानेवारी. आम्ही उत्तर सिक्कीममध्ये, एका उंच पोस्टवर. मी कंपनी कमांडर. बर्फाने वाट बंद. वायरलेसवर बटालियनकडून निरोप आला: आमच्या एका लान्स नाइकाची आई गेली. गाव तिरुनेलवेलीजवळ. त्याला खाली पाठवायचे तर हेलिकॉप्टर हवे, आणि हवामान असे की चार दिवस काहीच उडत नव्हते. निरोप मलाच सांगावा लागला. सुभेदार साहेब शेजारी बसले. तो रडला नाही. बुखारीकडे बघत बसून राहिला. त्या बंकरात तेलाच्या धुराशिवाय दुसरे काही नव्हते, आणि बाहेर वारा.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "साब, काही तरी बोला."

मला काय बोलावे सुचेना. कुरळ सुभेदार साहेबांना यायचे, मला नाही. मग मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये श्यामची गोष्ट सांगायला लागलो. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा, आणि त्याच्यासाठी आपल्या लुगड्याचा ओचा पसरणारी आई. पोहायला लावणारी आई. पत्रावळी लावायला शिकवणारे घर. सकाळपर्यंत सात-आठ रात्री सांगून झाल्या असतील. शब्द अडला की सुभेदार साहेब पुरवायचे. तो ऐकत होता. मध्येच त्याने विचारले, "तो मुलगा शिकायला दूर गेला होता म्हणता. आई गेली तेव्हा तो घरी पोहोचला होता का?"

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांना उत्तर माहीत आहे. श्याम पोहोचत नाही. आई त्याची वाट बघत जाते, आणि तो येतो तेव्हा सगळे होऊन गेलेले असते.

मी म्हणालो, "पोहोचला होता."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना गोष्ट माहीत नव्हती, पण माझा चेहरा त्यांना वाचता येत होता. ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी हेलिकॉप्टर आले, तो गेला, महिन्याने परत आला. तो विषय पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही. पुढे माझी बदली झाली, नंतर तो हवालदार होऊन निवृत्त झाला.

गेल्या पोंगलला त्याचा फोन आला. दरवर्षी येतो. त्याची मुलगी आता शाळेत शिक्षिका आहे, इंग्रजी माध्यमात. तो म्हणाला, "साब, त्या रात्री तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मी हिला लहानपणी सगळ्या सांगितल्या. आता तिला त्या वर्गात वाचून दाखवायच्या आहेत. पुस्तकाचे नाव काय?"

मराठी वाचणाऱ्याला ते देणे सोपे आहे. गुरुजींना जाऊन साठ वर्षे पुरी झाली, २०११ पासून त्यांच्या लिखाणावर कोणाचा हक्क उरला नाही, आणि 'श्यामची आई' इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येते. नातवंडांना वाचून दाखवणार असाल तर रोज एकच रात्र वाचा, दुसरी मागितली तरी देऊ नका. त्याच्या मुलीसाठी मात्र मी इंग्रजी भाषांतर मागवले. ते येऊन तीन आठवडे झाले. वर तिरुनेलवेलीचा पत्ता घालून झाला आहे, दोराही बांधला आहे.

पण पुस्तकाच्या आधी त्याला एक पत्र जायला हवे. ते मी तमिळमध्ये लिहायला घेतले आहे, चार वेळा फाडले, आणि अजून पहिल्या दोन ओळींच्या पुढे गेलेलो नाही.